समासात नसलेला क्रूस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि कन्फेशनमध्ये फादरनाही नाही. तिथे दर वेळी बारीकसारीक पापं सांगून उठलो. एका म्हाताऱ्या माणसाने विश्वासाने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं. त्या उत्तराच्या भरवशावर त्याने सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं.

साहेब इंग्रज. बहारीनमधल्या, अदलिया भागातल्या आमच्या छोट्या ऑफिसचे जुने मालक. निवृत्त झाल्यावरही ते इथेच राहिले. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि जन्मभर सांगत आले की आपण गावच्या उमरावाच्या रक्ताचे आहोत. लोक हसायचे. थोरली बहीणही हसायची. साहेबांना मात्र ते खरं करून दाखवायचं होतं. खापरपणजोबांपर्यंतचे कागद त्यांनी जमवले होते. प्रश्न एवढाच उरला होता, की हा खापरपणजोबा उमरावाचा धाकटा मुलगा होता की नव्हता.

तिकडच्या चर्चमधून कुणीतरी जुन्या नोंदवह्यांच्या पानांचे फोटो पाठवले. ती तिरकी, पसरलेली शाई साहेबांच्या डोळ्यांना झेपेना. इकडे येण्याआधी मी वसईला आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, ऑफिसात चार वर्षं जुन्या वह्यांतून बाप्तिस्म्याचे दाखले उतरवून द्यायचो. हे त्यांना ठाऊक होतं. मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी त्यांच्या व्हिलावर जाऊ लागलो.

"सापडला का तुझा लॉर्ड?" बायको विचारायची. "स्वतःच्या आजोबांचं थडगं कुठल्या रांगेत आहे ते सांगता येत नाही, आणि निघालाय इंग्रजांचे पूर्वज शोधायला! जाताना कचरा तेवढा खाली ने."

चौथ्या की पाचव्या शुक्रवारी नोंद सापडली. खापरपणजोबांचंच नाव, आणि बापाच्या नावापुढे उमरावाची पदवी. मी सवयीने आधी समास बघितला. आमच्या चर्चच्या वहीत बाळ लहानपणीच गेलं तर त्याच्या नावासमोर, समासात, फादर छोटासा क्रूस काढून ठेवतात. लग्न झालं की त्याचाही शेरा तिथेच. इथे समास कोरा होता.

"हा मुलगा जगला, सर," मी म्हणालो.

"कशावरून?"

मी क्रूसाची पद्धत सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खलास, विषय संपला," ते म्हणाले. "माझा बाप थापा मारत नव्हता."

त्या आठवड्यात त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याने मला माझा बाप परत दिला." एकोणीस वर्षं मी त्या ऑफिसात फायली लावल्या, व्हिसाचे फॉर्म भरले. माझ्यासाठी कुणी असं उभं राहून बोललं नव्हतं. मला ते फार आवडलं. लिहिताना लाज वाटते, पण आवडलं.

दोनेक महिन्यांनी साहेबांना खापरपणजीच्या दफनाची नोंद हवी झाली. पानं उलटताना मला कळलं की तिकडे दफनाची वही वेगळी असते. समासात क्रूस काढायची पद्धत त्यांच्याकडे नव्हतीच. मी ती आमच्याकडची पद्धत त्यांच्या वहीवर लावली होती. आणि त्या दफनाच्या वहीत तो होता. तेच नाव, तोच पदवीवाला बाप, वय अकरा आठवडे. पुढे बाप्तिस्म्याच्या वहीत तीन वर्षांनंतरच्या पानावर त्याच नावाचा आणखी एक मुलगा, बाप सुतार. आमच्याकडे एका आळीत सगळे एकाच आडनावाचे असतात, तसंच ते गाव होतं. उमरावाच्या गेलेल्या मुलाचं नाव सुताराने आपल्या मुलाला ठेवलं असेल. साहेब त्या सुताराचे वंशज होते.

"मिळालं काही?" साहेबांनी आतून विचारलं.

"नाही, सर. अजून नाही."

तिथवर तिला निदान चूक म्हणता आलं असतं. पुढच्या शुक्रवारी सांगू, असं मी स्वतःला म्हणत राहिलो. मग साहेबांनी कळवलेल्या नोंदीवर बहिणीचं पत्र आलं. साहेबांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा थापाडे होते आणि मला ते तसेच आवडायचे, तू आता या वयात त्यांची थाप पुढे चालवू नकोस, असं तिने लिहिलं होतं.

साहेबांनी पत्र टेबलावर ठेवलं. "मी आज तिला उत्तर लिहिणार आहे. त्याआधी एकदा सांग. तुझी खात्री आहे?"

दफनाचं पान माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. दाखवायला एक मिनिट लागलं असतं.

"आहे, सर," मी म्हणालो. "समासात क्रूस नाही."

म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून खोटं बोललो, अशी मी पुढे बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. तसं नव्हतं. जाणकार म्हणून त्यांनी मला जी खुर्ची दिली होती, तिच्यावरून मला उठायचं नव्हतं.

त्यांनी बहिणीला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. त्यानंतर नाताळला तिचं कार्ड आलं नाही, आणि यांनीही पाठवलं नाही. आता ती वृद्धाश्रमात असते. परवा भाचीने तिचा व्हीलचेअरवरचा फोटो पाठवला. साहेबांनी फोन माझ्यापुढे धरला.

"ही माझ्या बापाला खोटारडा म्हणाली होती," ते म्हणाले. "इतकी ठणठणीत होती... बघ, हात कसे झालेत."

त्यांनी फोन उलटा करून ठेवला. मी चहा संपवला आणि यल्ला, येतो म्हणून निघालो. हूरा भागातल्या आमच्या घरी येईपर्यंत टॅक्सीवाला बोलत होता. तो काय बोलला ते मला सांगता येणार नाही.

ते दोघंही अजून जिवंत आहेत. साहेबांना ते दफनाचं पान दाखवणं हे माझ्यावरचं देणं आहे. त्यांच्या बहिणीला, तुमचंच बरोबर होतं हे माझ्या तोंडून सांगणं, हेही देणंच. दोन्ही अजून फेडायची आहेत.