वहिनींची वीस मिनिटं

दादाचा फोन आला तेव्हा मी पिरंगुटच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये, बेअरिंगची खोकी तपासत होते. "सुमन उठंना," एवढंच तो म्हणाला. दुपारी जेवून जरा पडते म्हणून आडव्या झालेल्या माझ्या वहिनी, वय चोपन्न, उठल्याच नाहीत. लवळ्याला पोचेपर्यंत रिक्षात मी यादी केली. कुणाला कळवायचं, मांडव कुणाला सांगायचा, कपाटाच्या किल्ल्या कुठे असतील. पुढचे तेरा दिवस त्या यादीतली एकही गोष्ट चुकली नाही. लोक म्हणाले, नणंद असावी तर अशी... आज सहा आठवडे झाले, ते वाक्य अजून घशाखाली उतरत नाही.

नवरा गेल्यावर मी दादाकडे राहायला आले, त्याला बारा वर्षं झाली. स्वयंपाकघर वहिनींचं, वेळापत्रक माझं, अशी आमची वाटणी. वरच्या खोलीत कॉलेजच्या मुली भाड्याने राहतात. त्यांतली एक नोकरी लागून गेली आणि तिचं युकुलेले, गिटारसारखं छोटं वाद्य, इथेच राहिलं. वहिनींनी फोन केला तर ती म्हणाली, "काकू, तुम्हीच वाजवा आता." ती सहज बोलली असेल, वहिनींनी मनावर घेतलं. बावधनला शिकवणाऱ्या एक बाई शोधून काढल्या आणि दर रविवारी बसने जायला लागल्या. युकुलेलेला पिशवी नव्हती, म्हणून जुन्या दुपट्यात गुंडाळून न्यायच्या. बसथांब्यावर शेजारच्या बायका टपलेल्याच. "सुमे, बाळाची टाळू भरली का गं?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भरली की. तुज्या नातवापरीस कमी रडतंय."

खरं काम दोन रविवारांच्या मधलं असतं, असं बाईंचं म्हणणं होतं. रोज वीस मिनिटं, न चुकता. मी लगेच फ्रिजवरच्या तक्त्यात एक ओळ वाढवली : चार चाळीस ते पाच, युकुलेले, वहिनी. दादा हसला. त्याला मी गप्प केलं आणि त्याचा मला बराच अभिमान वाटला. मागच्या पडवीत धान्याच्या कोठीला टेकून वहिनी बसायच्या. नायलॉनच्या तारा रोज उतरायच्या, रोज खुंट्या पिळून सुरात आणाव्या लागायच्या. मी म्हटलं, फार कटकटीचं वाद्य आहे. त्या म्हणाल्या, "चारच तारा हायेत, ताई. घरातल्या मान्सांवानी रोज कान पिळावं लागत्यात. पर ह्या ऐकत्यात तरी." डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. भाकरी थापताना तो हात त्या जपून टेकवायच्या.

माघात बाईंच्या शिकवणीचा छोटा कार्यक्रम ठरला. वहिनी पहिल्यांदाच चार लोकांसमोर एक अख्खं गाणं वाजवणार होत्या. दिवाळीपासून त्यांचं तेवढंच चाललं होतं. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी भावकीतले एक चुलते वारले. सुतक दहा दिवसांचं. सुतकात वाजवणं नाही, हे आमच्याकडे कुणी सांगायची गरज नसते. मी जेवणाच्या सुट्टीत बाईंना फोन केला आणि वहिनी येणार नाहीत असं कळवून टाकलं. दोन मिनिटांचं काम. संध्याकाळी वहिनींना सांगितलं तेव्हा त्या पीठ मळत होत्या. "बरं," म्हणाल्या. परात धुऊन ठेवल्यावर मग सावकाश बोलल्या, "मला इचारलं असतं तर मीच न्हाई म्हनले असते, ताई. पर इचारायचं तरी." मी म्हटलं, पुढच्या कार्यक्रमाला वाजवा. त्याच चुलत्यांचा मुलगा पाचव्या दिवशी गाडीत गाणी लावून आमच्या दारावरून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. पुढचा कार्यक्रम दिवाळीत होता. वहिनी त्याआधीच गेल्या.

दशक्रियेला भाषणं झाली. सोशिक, अन्नपूर्णा, कधी उलटून बोलली नाही. दादा मान डोलवत होता. युकुलेलेचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही, आणि कोण बोलणार याची यादी माझ्याच हातात होती.

तेराव्यानंतर बाई भेटायला आल्या. त्यांच्याकडचा एक नियम मला तेव्हा कळला. दर गुरुवारी, म्हणजे नेमका माझ्या कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, घरचा सराव फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा, एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. वहिनींची एकोणीस रेकॉर्डिंग त्यांच्याकडे होती. "तुम्हाला ठेवायची असतील..." म्हणत त्यांनी ती माझ्या फोनवर पाठवली. मी पडवीत बसून ओळीने ऐकली. गाणं सुरू होतं, जरा लयीत येतं आणि मग एक आवाज येतो. वहिनी, पाणी आलंय. वहिनी, सिलेंडरवाला आलाय, पुस्तक कुठंय? वहिनी, एकच मिनिट. एकदा दादा चहा मागतो, बाकी सगळीकडे मीच. तार थांबते, "आले, ताई" ऐकू येतं आणि रेकॉर्डिंग संपतं. माझ्या तक्त्यातली वीस मिनिटं एकदाही पाच मिनिटांच्या पुढे गेलेली नव्हती.

एकच रेकॉर्डिंग पुरं आहे. ते त्या सुतकातलं. बाईंना वाटलं होतं, फोन बिघडलाय. त्यात तारेचा आवाजच नाही. वहिनी उजवा हात न लावता, नुसती डाव्या हाताची बोटं तारांवर दाबून अख्खं गाणं वाजवतायत. बोटं सरकताना होणारी बारीक खसखस ऐकू येते, आणि पुटपुटत मोजणं, एक, दोन, तीन, चार... शेवटपर्यंत. मग त्यांचा हळू आवाज, "झालं, मॅडम. आज कुनी हाक मारली न्हाई."