पहिल्या धुण्याचं पाणी

राग हे सात मोठ्या पापांपैकी एक, हे मी लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं होतं. पाठ करायला सोपं होतं. पन्नाशी उलटल्यावर ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात मात्र मी ते पाप रोज केलं, उठल्याबरोबर केलं, हातात जपमाळ असताना केलं, आणि आपण काय करतोय ते मला पुरतं कळत होतं. काहींना अशा वेळी प्रकाश दिसतो, काहींना आवाज ऐकू येतो. मला तसलं काही झालं नाही. जे झालं ते अगदी साधं आहे आणि सांगताना आजही थोडी लाज वाटते.

आमचं चर्च दौंडला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. माणसं थोडी. रेल्वेतली गोव्याकडची आणि तमिळ कुटुंबं, आणि आम्ही मराठी, शिरूर-नगरकडच्या खेड्यांतून नोकरीपायी आलेलो. यजमान लोको शेडमध्ये होते. ते गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि मग माझा आठवडा चर्चच्या घंटेवरच चालू लागला. बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना, उपवासकाळ असेल तर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना, रविवारी मिस्सा म्हणजे मुख्य उपासना, मग पोरांचं धर्मशिक्षण आणि लिंबाच्या झाडाखाली सगळ्यांचा चहा. शनिवार माझ्या एकटीचा. शनिवारी मी वेदीचे कपडे धुवायची. एकोणीस वर्षं धुतले. यजमान वारले त्या आठवड्यातही धुतले.

हे काम वाटतं तसं सोपं नाही. फादर ज्या रुमालाने चषक पुसतात आणि वेदीवर मधोमध जे चौकोनी कापड पसरतात, त्यावर ख्रिस्तशरीराचा, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर झालेल्या भाकरीचा, एखादा कण राहिलेला असू शकतो. डोळ्याला दिसत नाही, पण असू शकतो. म्हणून ते कपडे साबण न लावता आधी नुसत्या पाण्यात भिजवायचे, आणि ते पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही. मातीत ओतायचं, झाडाच्या बुडाशी, जिथे कुणाचा पाय पडत नाही. मला हे एका म्हाताऱ्या सिस्टरने शिकवलं. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. सिस्टरची बदली झाली आणि मग आमच्या चर्चमध्ये ही गोष्ट माहीत असलेली मी एकटीच उरले. याचा मला गर्व होता हे आता कबूल करते. तेव्हा मी त्याला भक्ती म्हणत होते.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. नवीन फादर येऊन काही महिने झाले होते. उपवासकाळ लागण्याआधीच्या रविवारी मिस्सा संपल्यावर ते सूचना वाचायला उभे राहिले. बुधवारी राख लावण्याचा विधी किती वाजता, क्रुसाची वाट कुणाच्या गटाकडे, आणि मग त्याच सुरात, "वेदीच्या वस्त्रांची जबाबदारी यापुढे रोझलिन घेतील. आजवर सेवा केलेल्या मावशींचे आपण आभार मानू या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारणीने माझ्याकडे बघून हसत टाळ्या वाजवल्या. मला आधी कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. सोळा बाकांच्या चर्चमध्ये माझ्यापर्यंत चालत यायला फादरना कितीसा वेळ लागला असता? माझे कान तापले. मी चहाला न थांबता घरी गेले आणि दुपारी चूलही पेटवली नाही.

ही रोझलिन म्हणजे पुण्याहून आलेली, तिशीतली. नवरा रेल्वेत, नुकतीच बदली झालेली. घरी धुण्याचं मशीन. मशीन आहे म्हणून काम दिलं, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. आवाज मऊ होता, आणि त्याचाही मला राग आला.

"काकू, कसं धुवायचं ते जरा सांगाल का? मला यातलं काहीच माहीत नाही."

मी आतून गाठोडं आणून तिच्या हातात ठेवलं. "त्यात काय सांगायचं? कापडंच हायती. धुवायची आन् इस्त्री करायची."

तिने गाठोडं छातीशी धरलं. मग "बरं" म्हणून गेली. पहिल्या पाण्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. विसरले नव्हते. ओठांपर्यंत आलेलं मी मुद्दाम गिळलं. चुकू दे हिला, एक दिवस कुणाच्या तरी ध्यानात येईल, मग फादर माझ्या दारात येतील, असा माझा हिशेब होता.

पुढचे सहा आठवडे कसे गेले ते मलाच माहीत. शनिवार उजाडला की माझे हात रिकामे. दुपारी मी अंगणात बसून विचार करायची की आता तिने मशीन लावलं असेल, आता पाणी सोडलं असेल. ती राहायची त्या वाड्यांच्या पुढून उघडं गटार वाहतं, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि डुकरं सगळं त्यातच. माझ्या डोळ्यांपुढे ते पाणी त्या गटारात पडायचं. ज्याच्यापुढे मी गुडघे टेकते त्याला मी दर शनिवारी त्या घाणीत सोडत होते, आणि तरी राग एवढा की तोंड उघडत नव्हतं. रविवारी मी शेवटच्या बाकावर बसायची. मिस्सेत एकमेकांना शांतीची खूण करताना रोझलिन वळून माझ्याकडे बघायची, मी छताकडे बघायची. कम्युनियनला, ती पवित्र भाकर घ्यायला, सगळे उठले की मी बसून राहायची. असल्या मनाने ख्रिस्तशरीर जिभेवर घेण्याइतकी मी निर्ढावले नव्हते. पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, जवळ येत चालला होता, त्याआधी पापाची कबुली द्यायला हवी होती, आणि कबुली द्यायची तर राग सोडायला हवा होता. मी देवाला स्पष्ट सांगितलं की मला जमणार नाही. यंदा तुझ्या मेजावर मी नाही. एकोणीस वर्षांनी मला टाळ्या वाजवून घालवलंस, आता तूच बघ.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, हातात झावळी घेऊन त्या सगळ्यांबरोबर चालायची माझी इच्छा नव्हती. शिरूरला माझी बहीण असते. तिकडच्या मिस्सेला जाते असं ठरवून मी सकाळची पहिली एसटी धरली. न्हावऱ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, वाफा निघणाऱ्या इंजिनाकडे बघून त्याने डोक्याला हात लावला आणि सांगितलं की मागची गाडी येईल तेव्हा येईल. आठ वाजले नव्हते तरी ऊन भाजत होतं. मिस्सा चुकणार हे दिसत होतं. माझ्या मनात आलं, बरोबर आहे, आता देवालाही मी नको झालेय. रागाने मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

रस्त्याला लागून एक धनगराचं घर होतं. पुढे पडवी, बाजूला चार-पाच मेंढ्या, दारात लिंबाचं झाड. पडवीत एक म्हातारी देव धूत बसली होती. रविवार हा त्यांच्या खंडोबाचा वार. ताम्हणात चांदीचे लहान लहान टाक, म्हणजे देवाची रूपं कोरलेले पत्रे, आणि ती एकेक उचलून पाण्याने धुवून पुसून पाटावर मांडत होती. मला बघून तिने हातानेच बोलावलं.

"ये बाय, सावलीला बस. त्या डब्याचं काय खरं न्हाई. सूनबाई, पानी दे त्यास्नी."

सून अगदी नवी होती, हातातला हिरवा चुडाही उतरला नव्हता. तिने मला तांब्या दिला. मी पाणी प्यायले. तेवढ्यात म्हातारीचे देव धुवून झाले. सुनेने ताम्हणातलं हळदीचं पिवळं पाणी एका वाटीत ओतून घेतलं आणि ती घराच्या कडेच्या मोरीकडे निघाली.

"आगं आगं, मोरीत नगं," म्हातारी ओरडली. "देवाच्या अंगावरचं पानी हाय ते. लिंबाच्या बुडात वत."

पोर जागच्या जागी थिजली. तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता म्हातारी तिला फैलावर घेणार. म्हातारीने मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तिला काय ठावं? तिच्या माहेरी माळकरी, त्यांच्यात टाक न्हाईत. म्या सांगितलं न्हाई, म्हंजी चूक माझीच की. व्हय का न्हाई?"

खरं सांगते, पहिल्यांदा मला त्या म्हातारीचाही राग आला. हिला कुणी विचारलं होतं? दौंडचं गटार, रोझलिन, फादर, यातलं काही तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती परत आपले टाक पुसू लागली होती. सून लिंबाखाली वाकून सावकाश पाणी ओतत होती आणि कोरडी माती ते पाणी पीत होती. मी त्या मातीकडे बघत राहिले. मग पदर तोंडावर घेऊन मी रडले, आणि या वेळच्या रडण्यात राग नव्हता. म्हातारी एवढंच म्हणाली, "आसंल बाय, आसंल."

मागची एसटी आली. आमच्या गाडीतली सगळी माणसं तिच्यात चढली. मी चढले नाही. रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिले आणि दौंडकडे जाणारी गाडी धरली.

घरी न जाता मी सरळ रोझलिनच्या दारात गेले. ती मिस्सेहून आली होती, देवघराच्या कोनाड्यात झावळीचा क्रूस खोचत होती. मला बघून दचकली. मी चप्पलही काढली नाही. उंबऱ्यावरूनच सांगितलं, कारण आत बसले असते तर पुन्हा गिळलं असतं.

"पैलं पानी गटारीत टाकायचं नसतं. मातीत टाकायचं. त्यात ख्रिस्तशरीराचा कण असतो. मला ठावं हुतं आन् म्या तुला मुद्दाम सांगितलं न्हाई. सहा आठवडे झाले. तुझं पाप न्हाई, माझं हाय."

रोझलिनचा चेहरा पांढरा पडला. तिने तोंडावर हात धरला. मग ती हळूच म्हणाली, "पण काकू, आमचं पाणी गटारात जातच नाही."

तिने माझा हात धरून मला घरामागे नेलं. राहायला आल्या आल्याच शेजाऱ्यांशी वाद झाला होता, साबणाच्या पाण्याने पुढचं गटार तुंबतं म्हणून. तेव्हा तिच्या नवऱ्याने मशीनचा पाइप भिंतीतून मागच्या परसात काढून दिला होता. पाइपाच्या तोंडाशी एक केळ होती. आसपासचं सगळं गवत वाळून करडं पडलेलं, आणि ती केळ हिरवीगार, नवं पान अजून सुरळीसारखं गुंडाळलेलं. पहिलं पाणी, दुसरं पाणी, साबणाचं, बिनसाबणाचं, सगळं सहा आठवडे तिच्याच बुडात गेलं होतं. मी तिथेच ओल्या मातीत गुडघे टेकले. हे देवाने केलं की शेजारच्या भांडणाने, ते मी ठरवायला बसत नाही. मी त्याला घाणीत सोडायला निघाले होते आणि त्याने माझ्याआधीच आपली जागा बघून ठेवली होती, एवढं मला दिसलं.

बुधवारी मी कबुलीला गेले. सगळं सांगितलं. फादरनी प्रायश्चित्त म्हणून त्या मुलीसाठी एक जपमाळ म्हणायला सांगितली. बाहेर आल्यावर मी त्यांना थांबवून माझं उरलेलं भांडणही करून घेतलं. "फादर, मला आदी सांगायचं हुतं. धा पावलांवर बसले हुते मी."

ते म्हणाले, "तुमच्या बोटांना भेगा पडल्या होत्या मावशी. एका रुमालावर रक्ताचा डाग आला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. माझं चुकलं."

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. धुण्याच्या सोड्याने उललेली बोटं सहा आठवड्यांत भरून आली होती, आणि रागाच्या भरात मला ते दिसलंच नव्हतं. तरीही त्यांनी सांगायलाच हवं होतं, हे माझं मत आजही बदललेलं नाही.

पवित्र गुरुवारी मी कम्युनियनला उठले. माझ्यापुढे रांगेत रोझलिन होती. वेदीवर चौकोनी कापड पांढरं स्वच्छ पसरलेलं होतं. इस्त्री माझ्याइतकी कडक नव्हती.

काम मला परत मिळालं नाही, आणि मी मागितलंही नाही. एकोणीस वर्षं मी देवाची सेवा करत होते खरी, पण हळूहळू मी देवालाच माझं समजू लागले होते. तो माझ्या बादलीत मावणारा नव्हता. हे समजायला मला एक बंद पडलेली एसटी आणि एक परक्या देवाची म्हातारी लागली, त्याबद्दल मी तिचं नाव माहीत नसताना दररोज आभार मानते. राग अजूनही येतो. आला की आता पहिल्यांदा बोलून टाकते.

शनिवारी मी रोझलिनच्या मागच्या पायरीवर बसते. ती पहिलं पाणी हाताने काढते आणि केळीच्या बुडात ओतते, मी तिच्या चुका काढते. त्या पावसाळ्याच्या शेवटी केळीला घड लागला. पिकल्यावर तिने पहिली फणी माझ्याकडे आणून दिली. ती गेल्यावर मी त्या पहिल्या पाण्यावर वाढलेलं एक केळं सोललं आणि तोंडात घालण्याआधी क्रुसाची खूण करायला माझा हात आपोआप कपाळाकडे गेला, मग छातीकडे, मग एका खांद्याकडे, मग दुसऱ्या.