कातडीपुढची फुली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझ्या खिशातल्या चिठ्ठ्यासुद्धा वाचायची. आता लपवण्याचाही कंटाळा आलाय — म्हणून सांगतो.

राज्यांची नवी वाटणी झाली आणि नागपूरचे आम्ही बरेच सरकारी नोकर भोपाळला येऊन पडलो. मी प्रयोगशाळेत होतो. आमच्या डॉक्टरसाहेबांना ध्यास एकच — हार्मोन घडवणारं एक एन्झाइम माणसाच्या शरीरात कुठे कुठे असतं? ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे बर्फातून यायचे. त्यांचे पातळ काप रसायनात ठेवायचे. एन्झाइम असलं की काप निळा पडायचा. अंडाशय निळं, बाळंतपणात पडलेली वार निळी, मूत्रपिंडावरची ग्रंथी तर गडद निळी.

कातडी तपासायचं काम माझ्याकडे होतं. पण हात जुन्या वळणाचे ना! आला तुकडा की कुजू नये म्हणून टाक फॉर्मलिनच्या बाटलीत — वर्षानुवर्षांची सवय, तसाच टाकला. फॉर्मलिनमध्ये एन्झाइम मरतं, हे का मला ठाऊक नव्हतं? सकाळी लक्षात आलं. तरी काप केले, निळं काही आलं नाही, आणि तक्त्यात कातडीपुढे फुली मारली — म्हणजे इथे नाही. आळस म्हणा, साहेबांची भीती म्हणा.

महिन्याभराने सुशीलाने ताज्या कातडीचा काप केला. ती आमच्याच प्रयोगशाळेत, पण कच्च्या नोकरीवर; वडील गेलेले, घर तिच्या जिवावर. तिचा काप निळा आला. साहेबांनी माझा तक्ता बघितला, मग तिच्याकडे.

"काँच ठीक से धोया नहीं होगा."

ती काचपट्टी घेऊन माझ्याकडे आली. "भाऊ, तुम्ही बघा ना एकदा. तुमचं ऐकतील ते."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. केसांच्या मुळाशी, तेलाच्या ग्रंथींत — निळंशार. कातडीतही ते असतं, हे आज कुणीही सांगेल. तेव्हा आम्हा दोघांनाच दिसलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला. किती अवघड होतं ते?

"डाग आहे," म्हणालो.

पुढच्या आठवड्यात तिला कामावरून काढलं. कागदावर 'निष्काळजी' असा शेरा. जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली.

"माझ्या धांदरटपणामुळे तुमच्या कामावर संशय आला, भाऊ. माफ करा."

"असू दे," म्हणालो मी — आणि तिला माफ केलं.