एक जूनच्या आधी

कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तो तिला हाताची पाठ टेकवून बघायचा. तार असो, चहाचा कप असो की माझ्या घराचं दार. "करंट नाई ना?" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला सगळे नुसतं 'भाऊ' म्हणतात. आमचा भाऊ बल्लारपूरचा, कोळसा खाणीत कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन.

एका संध्याकाळी त्यानं माझ्या इंग्रजीच्या पुस्तकाला हाताची पाठ टेकवली. "सर, मले इंग्रजी शिकवा. मी ऑस्ट्रेलियाले चाललो."

मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. मला वाटलं, गंमत करतोय. पण त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिकडे कसबी माणसाला गुण मोजून बोलावतात. वयाचे गुण, अनुभवाचे गुण, इंग्रजीचे गुण. "दहावीत मले कोणी गुण देल्ले नाई," तो म्हणाला, "आता घेतोच."

अडचण होती ती वयाची. चाळिशी लागली की गुण घटणार, आणि ती लागणार होती एक जूनला. खरं म्हणजे हा दिवाळीच्या सुमारास, धान कापणीच्या दिवसांत जन्मलेला. पण कुरखेड्याकडच्या त्याच्या मूळ गावच्या शाळेत गुरुजींनी सगळ्याच पोरांची तारीख एक जून लिहून टाकलेली.

"मास्तरानं मले पाच महिने आधीच जन्माले घातलं, सर! मायलेबी विचारलं नाई!"

रोज संध्याकाळी नवरा-बायको दोघं यायची. तो टेबलाशी बसायचा. वहिनी अंगणवाडीत शिकवायच्या. त्या दारापाशी वालाच्या शेंगा सोलत बसायच्या. तो अडला की दाराकडून हळूच उत्तर यायचं. मी वळून पाहिलं की वहिनी शेंगांत गुंग.

इलेक्ट्रिशियनच्या कामाच्या परीक्षेत तो सहज पास झाला. इंग्रजीची परीक्षा नागपुरात होती. तोंडी परीक्षेत विषय आला, 'तुम्हाला वाट पाहावी लागली तो प्रसंग सांगा.' यानं सांगितलं, खाणीजवळ खांबावर चढलो होतो, खाली वाघ येऊन बसला. दोन मिनिटं संपली, परीक्षक बाईंनी थांबवलं.

"मी म्हटलं, मॅडम, टायगर स्टिल सिटिंग! मी उतरू कसा?"

बाई खूप हसल्या म्हणे.

निकाल आला. पास झाला, पण एकूण बेरजेत पाच गुण कमी पडले. त्या दिवशी पहिल्यांदा तो कशालाही हाताची पाठ न लावता आत आला आणि खिशातला तो घडीचा कागद टेबलावर ठेवला. मी तो पुन्हा वाचायला घेतला. खालच्या ओळीत होतं, बायकोला इंग्रजी येत असेल तर पाच गुण जास्त.

मी दाराकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही देता का परीक्षा?"

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. "कवा आहे?"

त्यांचे गुण नवऱ्यापेक्षा जास्त आले. भाऊ तो निकाल घेऊन गल्लीभर फिरला. "माह्या घरात मॅडम राहून राह्यली अन् मलेच पत्ता नाई!"

एक जूनला नऊ दिवस उरले असताना तिकडून बोलावणं आलं. भाऊ कोणाच्या तरी कूलरवर काम करत होता. तसाच पक्कड हातात घेऊन धावत आला आणि त्यानं मला उचललं. माझं वजन ऐंशी किलो! वहिनी ओरडत होत्या, "सरले खाली ठेवा!" आणि मी वरून ओरडत होतो, "राहू द्या, राहू द्या!"

पुढच्या थंडीत दोघं ऑस्ट्रेलियाला गेली.

परवा मे महिन्याच्या भर दुपारी लाईट गेली. सगळे कूलर एकदम बंद पडले आणि सवयीनं चार घरांतून हाक गेली, "भाऊऽ!" मग आपलं आपल्यालाच हसू आलं. मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे थंडी, तो स्वेटर घालून बसला होता.

"खांब दाखवा, सर."

मी उन्हात जाऊन फोन वर धरला. शेजारी माझ्याभोवती जमले. तो बराच वेळ पाहत राहिला. मागे त्याच्या बंद घराचं कौलारू छप्पर दिसत असणार.

"काय झालंय रे?" मी विचारलं.

"इथून काई समजत नाई, सर. पण धरून ठेवा जरासं."