सगुणेने न गायलेला पराक्रम

डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या त्या गावात सगुणा गायल्याशिवाय लग्न लागलं, असं कुणी म्हणालंच तर ती नवरी खुशाल माहेरी परत धाडावी! रेल्वे येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आगरी मांडवात भटजीचं काम नव्हतं. तांदळाचा चौक भरायचा आणि त्यापुढे बसून धवलारणीने धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायचा, की लग्न लागलं. सगुणा ही गावची धवलारीण. गळा गोड, तोंड फटकळ. नवरा गेल्यापासून तिची चूल या गळ्यावरच पेटत होती.

धवल्यात नवऱ्यामुलाच्या घराण्याचा एखादा पराक्रम गुंफायची रीत होती. वैशाखात गोपीनाथच्या मुलाचं लग्न निघालं. गोपीनाथ मिठागराचा मुकादम, बोलण्याआधी मिशीला पीळ देणारा. भर मांडवात तो म्हणाला, "माज्या आजानं डोक्यावं मिठाची गोन घेवन भरतीची खाडी चालत पार केली. त्यो पराक्रम गा."

सगुणेने हातातले तांदूळ खाली ठेवले. "नाय गानार. भरतीला खाडीत दोन पुरुस पानी. तुजा आजा खाडीच्या तलाशी चालला, त मीठ कोरडा कसा राह्यला रं?"

"पोवाड्यातला राजा गडावशी उडी मारतो, तवा कोन इचारतं?"

"तो गड मी नाय बगला. ये खाडीत मी जल्मभर गोनी वाहल्यान."

मांडव खदखदून हसला. गोपीनाथचा पारा चढला. "नाय गायलीस त यापुढं कंच्याच मांडवात तुला बोलवनं नाय!"

ही पोकळ धमकी नव्हती. मुकादमाचा शब्द मोडील असं घर त्या काठावर नव्हतं. पण खोटं गाणं सगुणेच्या गळ्यातून निघेना. "आजाची गोष्ट सोर. आता ओहोटी हाय, पानी पन नाय. गोन घे न् चिखलातल्या त्या होडीपरेन जा. मी आजाला जल्मभर गाईन."

गोपीनाथला मिरच्या झोंबल्या. त्याने काठावरची मिठाची गोण डोक्यावर घेतली आणि तो खाडीच्या चिखलात शिरला. गुडघे बुडाले, मग मांड्या, मग कंबर.

"गोन टाक!" काठावरून पुरुष ओरडत होते. तो गोण टाकीना आणि ओरडणाऱ्यांतला एकही पुढे होईना, कारण जो शिरेल तो रुतेल. तेवढ्यात नवऱ्यामुलाची आई तुळसा मिठागरावरची फळी ओढत आली. नव्या लुगड्यानिशी ती फळीवर पालथी पडली, हातांनी चिखल रेटत गोपीनाथपाशी पोचली, तिने त्याच्या डोक्यावरची गोण ढकलून दिली आणि त्याला बगलेत धरून तसूतसूने ओढून काढलं.

दोघं चिखलाने माखून मांडवात आली. सगुणेने तांदूळ उचलले आणि तिथल्या तिथे धवला जुळवला: तुळसाबाईनं फळी घातली, मुकादम काढिला गाळातून.

गोपीनाथ खेकसला, "बायकोचा पराक्रम? आशी रीत नाय!"

तुळसाने तोंडावरचा चिखल पदराने पुसला. "गा, बाय. यो गायल्याबिगर माजा पोर चौकाव उबा रानार नाय."

सगुणा गायली, आणि लग्न लागलं.

गोपीनाथने तिला पुन्हा कधी बोलावलं नाही. बोलावणं तुळसा धाडायची.