कढीपत्त्याला घातलेलं कल्चर

एप्रिलमधला शनिवार. स्थळ: जबलपूरच्या चेरीतालमधलं आमचं घर आणि मागची शेड. हजर: मी, माझी मोठी बहीण, म्हणजे ताई, ताईची मुलगी, जिची ही कंपनी आहे, आणि पुण्याहून आलेले गुंतवणूकदार साहेब. मझौली गावच्या काकी स्वतः आल्या नाहीत, पण त्यांचा डबा आला, म्हणून त्यांचीही हजेरी लावते.

आधी हजेरी, मग काम, ही सवय सरकारी कारखान्याच्या स्टोअरमधली. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि भाचीच्या कंपनीचा कारभार हातात घेतला, तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, "काहून? आराम करायचा सोडून सडकं पाणी ढवळत बसशील?" मी म्हटलं, बसेन.

पाणी सडकंच आहे, ते नाकारत नाही. आमच्याकडे जवस तेलासाठी पेरतात. बी झोडून घेतलं की देठं बांधावर पडून राहतात, नाहीतर जाळतात. त्या देठांच्या सालीत धागा असतो. लिननचं कापड होतं ते याच धाग्याचं. तो देठाला एका चिकट पदार्थानं धरलेला असतो, आणि भाचीनं असे जिवाणू वाढवले आहेत जे तो चिकटा खातात आणि धाग्याला हात लावत नाहीत. देठं टाकीत भिजवायची, जिवाणूंचं पाणी सोडायचं, धागा मोकळा होतो. रसायन लागत नाही. भाची त्या पाण्याला कल्चर म्हणते, मी विरजण म्हणते. थोडं बाजूला काढून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला लावायचं, एवढंच ते काम. वास मात्र दह्याचा नाही.

हे जिवाणू तिला मझौलीकडच्या एका तळ्यात सापडले. तिथे पूर्वी लोक सन, म्हणजे ताग, भिजत घालून दोर वळायचे. तळ्याकाठच्या काकींनी तिला चिखल काढू दिला, वर जेवू घातलं. देठं आम्ही त्यांच्याकडून आणि त्यांच्या शेजारणींकडून घेतो. गेल्या वर्षी काकी म्हणाल्या, देठांचे भारे शहरात कशाला नेता, इथेच भिजवतो, धागा तेवढा घेऊन जा. मला ते एकदम पटलं. गाडीच्या खेपा वाचल्या. भाचीनं त्यांना विरजण दिलं. कोणाची परवानगी घेतली नाही. घ्यायची होती कोणाची?

साहेबांचे कागद आधीच मेलवर आले होते. त्यांनी पैसे घातले तर मोठ्या टाक्या येणार होत्या. नाही घातले तर भाचीला परत बंगळुरूची नोकरी धरावी लागेल, असं तिनंच मला सांगितलं होतं. कागदांत एक कलम होतं: कल्चर कंपनीबाहेर कोणाकडेही असणार नाही, असल्यास परत घेऊन नष्ट करावं.

"मावशी, ये तो सब में लिखा रहता है," भाची म्हणाली.

"राहत असेल," मी म्हटलं आणि कलमाला पेन्सिलीनं खूण केली.

शुक्रवारी विजेच्या झटक्यानं शेडमधला फ्रिज बंद पडला. टाकी साहेबांसाठी धुऊन ठेवलेली होती, म्हणून होतं तेवढं सगळं कल्चर घरच्या फ्रिजमध्ये आणून ठेवलं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. वर पट्टी चिकटवली. शनिवारी सकाळी भाची फ्रिज उघडून उभी राहिली ती उभीच.

"आई, डब्बा कहाँ है?"

"कोणता?" ताई कुकरची शिटी पुसत होती.

"श्रीखंडवाला."

"त्यात ताक होतं ना? फार आंबलं होतं. नाक फाटून राहिलं होतं माझं. पाहुणे येणार, म्हणून कढीपत्त्याला घातलं."

आमच्या घरात आंबलेलं ताक फेकत नाहीत. पाणी घालून कढीपत्त्याच्या मुळाशी ओततात; आईनं तेच केलं, ताईही तेच करते. जबलपुरात असा कढीपत्ता कोणाचा नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगते.

"ताई, डब्यावर पट्टी होती."

"श्रीखंडाच्या डब्यावरचं कोण वाचतं? त्यात श्रीखंड असतं का कधी?"

भाचीनं डबा शोधला. तो गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुऊन उन्हात पालथा घातलेला होता. मग ती अंगणात जाऊन कढीपत्त्याच्या आळ्यापाशी उकिडवी बसली. मातीतून ते पुन्हा मिळवता येईल, पण महिना जाईल, असं म्हणाली. साहेब दुपारी टाकी बघणार होते.

"काकींकडे आहे," मी म्हटलं. "ऊठ. गाडी काढ."

मी कामं वाटली. ताईनं साहेबांना विमानतळावरून घ्यायचं, थेट भेडाघाटला न्यायचं, नावेत बसवायचं आणि होईल तेवढा उशीर लावायचा.

"मी एकटी? बोलू काय त्यांच्याशी?"

"तू ओतलंस, तू बोल."

मझौलीला काकी टाकीपाशीच होत्या, बांबूनं देठं दाबत. आम्ही काय झालं ते सांगितलं. त्यांनी बांबू खाली ठेवला आणि पोट धरून हसल्या.

"मीठी नीम को पिला दिया? दीदी, अब कढ़ी में से धागा निकलेगा."

भाचीला हसू आलं नाही. काकींनी घरातून एक स्टीलचा डबा आणला, टाकीतलं पाणी गाळून भरलं, तोंडाला फडकं बांधलं. "ले जाओ, बिटिया. डब्बा लौटा देना. बहू के मायके का है, रोज पूछेगी."

परत येताना भाचीनं डबा मांडीवर धरला होता. शहर जवळ आल्यावर म्हणाली, "मावशी, कागज के हिसाब से तो ये डब्बा होना ही नहीं चाहिए था."

मी गाडी चालवत होते. मला जे म्हणायचं होतं ते तिनंच म्हटलं होतं.

दुपारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. साहेबांनी टाकी पाहिली, तयार झालेला धागा ओढून पाहिला, आमच्या मातकट रंगाच्या कापडाचा तुकडा गालाला लावला. माणूस वाईट नव्हता. जेवताना म्हणाले, "तुमचं मराठी मजेशीर आहे हो. अधूनमधून हिंदीच वाटतं."

"तुमचंही मजेशीर आहे," ताईनं कढी वाढत सांगितलं. "नावाड्याला 'अहो, जरा सावकाश घ्या' म्हणून राहिले होते. तो बिचारा मलाच विचारे, साहब को उतरना है क्या."

ते हसले. मग ताटं उचलली आणि कागद टेबलावर आले. सही कुठे कुठे करायची ते साहेब दाखवत गेले. भाची पेन उघडून बसली होती. पेन्सिलीच्या खुणेपाशी थांबली.

"सर, आज आपने जो देखा, वो मझौली से आया है," ती म्हणाली आणि सकाळपासूनची सगळी हकीगत सांगितली. कढीपत्त्यासकट. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे कल्चर बाहेर गेलेलं आहे. हे गंभीर आहे. ते परत घ्या. एक टाकी तर आहे, अवघड नाही."

"परत कोणी कोणाकडून घ्यायचं?" मी विचारलं. "तळं त्यांचं आहे. आणलं आम्ही."

"काकू, तुमच्या भावना समजतात मला. पण धंदा..."

"भावनांचं मी काही बोलत नाहीये. सगळा साठा एका जागी ठेवला तर काय होतं ते आज सकाळी पाहिलं. मी स्टोअर सांभाळलेलं आहे. असा साठा ठेवणाऱ्याकडून मी लेखी खुलासा मागितला असता."

"ती व्यवस्था आम्ही करू. चांगले फ्रिज देऊ, जनरेटर देऊ."

"आणि काकींची टाकी?"

"ती बंद होईल. मोबदला देता येईल त्यांना."

भाचीला मराठी पूर्ण समजतं, पण बाहेरच्यांसमोर ती बोलत नाही; चुकेल म्हणून घाबरते. त्या दिवशी बोलली. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं.

"हे कलम मी नाही ठेवणार. बाकी सगळ्यावर सही करते."

"मग बाकीच्याला अर्थ राहत नाही," साहेब म्हणाले. "आमच्यासाठी मुद्दा तोच आहे."

"माझ्यासाठीही तोच आहे," ती म्हणाली. "चलो, मग नाही."

तिनं पेनाला टोपण लावलं. कागद साहेबांकडे परत सरकवले. ताईनं चहा आणला. तो पिऊन साहेब निघाले. कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

मोठ्या टाक्या आल्या नाहीत. भाची बंगळुरूलाही गेली नाही. सकाळी एका कॉलेजात शिकवते, दुपारपासून शेडमध्ये असते. मझौलीत काकींच्या दोन शेजारणींनीही टाक्या सुरू केल्या. त्यांना विरजण काकींनीच दिलं, आम्हाला नंतर सांगितलं. नातेवाईक म्हणतात, घरी चालून आलेली लक्ष्मी घालवली. म्हणोत. त्यातला एकही टाकी ढवळायला आलेला नाही. कढीपत्ता सध्या जोरात आहे. भाची म्हणते, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ताई म्हणते, आहे, आणि पानं तोडून गल्लीभर वाटते.

एक काम मात्र माझ्या कामांच्या प्रत्येक यादीतून पुढच्या यादीत जातं: काकींचा डबा परत करणे. आमच्यात कोणाचं भांडं रिकामं पाठवत नाहीत. ताईनं एकदा चिवडा भरला होता. भाचीनं तो बाहेर काढला. काकींच्या टाकीतल्या धाग्याचं पहिलं कापड निघेल, त्याचा तुकडा डब्यात घालून द्यायचा, असं तिनं ठरवलं आहे. कापड मागावर चढलं, पण धागा तुटून राहिला आहे. जाड-बारीक सूत नीट बसत नाही. विणकर म्हणतो, थोडं पॉलिस्टर मिसळा, भराभर होईल. भाची नाही म्हणते. मीही नाही म्हणते.

काल काकींच्या सुनेचा फोन आला. "दीदी, हमारा डब्बा?"

डबा ओट्यावर पालथा आहे. काम बाकी.