अर्धा ‘प’

बाटलीतून फेस आला तेव्हा वरच्या मजल्यावर म्हैसूरपाक वाटणं चालू होतं.

मी खाली बेसिनपाशी उभी होते. हातात बोटाएवढी तपकिरी बाटली. नळाखाली धरली, थोडं पाणी घेतलं, अंगठा लावून हलवली. पांढरा दाट फेस मनगटावर उतरला. बाटली नाकाशी नेली. लिंबाचा वास. मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले.

त्या बाटलीत पाल्याचा अर्क असायला हवा होता. त्या अर्कानं कॅन्सरच्या सगळ्या पेशी मारल्या, म्हणून तर वर म्हैसूरपाक आला होता. आणि पाल्याला लिंबाचा वास नसतो. तो पाला मीच धुते, मीच वाळत घालते. मला ठाऊक आहे.

आधी माझं काम सांगते. म्हैसूरच्या बाहेर, हिनकलच्या पुढे एक फार्मसी कॉलेज आहे, तिथे मी लॅब अटेंडंट आहे. सव्वीस वर्षं झाली. लॅब अटेंडंट म्हणजे काचसामान धुणारी बाई. बीकर, फ्लास्क, पिपेट, बाटल्या. काचेला साबण लावायचा आणि मग तो जरासुद्धा राहू द्यायचा नाही. सात वेळा नळाचं पाणी, तीन वेळा डिस्टिल्ड वॉटर. डिस्टिल्ड म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं पाणी, त्यात मीठ-माती काही नसतं. साबणाचा थेंब राहिला तर प्रयोग बिघडतो. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक थेंब राहिला नव्हता. याचा मला थोडा गर्व होता. तो त्या मंगळवारी गेला.

सात आणि तीनचा नियम मला मॅडमनी शिकवला. मॅडम म्हणजे आमच्या प्रोफेसर, चामराजपुरमच्या जुन्या मराठी घरातल्या. घरी मराठी, शाळा कन्नड, कॉलेज इंग्रजी. त्यामुळे त्यांच्या एका वाक्यात तिन्ही येतात. मुलांना औषध कसं बनवायचं, कसं मोजायचं, कसं तपासायचं ते शिकवतात. उरलेल्या वेळात कॅन्सरवरचं औषध शोधतात.

शोधणं म्हणजे काय, ते मला आधी कळत नव्हतं. मला वाटायचं एक दिवस सापडेल. तसं नसतं. कुठला तरी पाला आणायचा. धुवायचा, सावलीत वाळवायचा, कुटायचा, स्पिरिटसारख्या द्रवात भिजत ठेवायचा, आटवायचा. खाली चिकट अर्क उरतो. तो कॅन्सरच्या पेशींवर घालायचा आणि बघायचं. बहुतेक वेळा काहीच होत नाही. मग मॅडम म्हणायच्या, “सरी, हा पण नाही. पुढचा आण गे कमळा.” सरी म्हणजे ठीक. इतक्या वर्षांत मी एवढे पाले धुतले, की बाजारात कोथिंबीर घेतानासुद्धा हात आधी देठ बघतो.

या एका पाल्यानं मात्र थोडं काहीतरी केलं होतं. थोडंच. मॅडम काही महिन्यांत निवृत्त होणार होत्या. शुक्रवारी बंगळूरहून कमिटी येणार होती. काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ती ठरवणार होती. काम बंद झालं तर शिवानीची पीएच.डी. अर्धी राहणार होती. शिवानी म्हणजे मॅडमची शेवटची विद्यार्थिनी. भोपाळची पोरगी. कन्नड येत नाही, मराठी येत नाही, पण बोलायला लाजत नाही. माझं उलट आहे. मला दोन्ही येतात आणि तोंड उघडत नाही.

आता घोळ कसा झाला ते सांगते.

कन्नडमध्ये पाल्याला सोप्पु म्हणतात. आमच्या लॅबमध्ये त्या अर्काचं नावच सोप्पु पडलं होतं. त्याला मोठा नंबर होता, पण तो कोण म्हणणार? आणि कन्नडमध्ये साबणाला म्हणतात सोपु. मी मूळची निपाणीकडची, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन म्हैसूरच्या शिंप्यांच्या घरात आले. कन्नड कानानं शिकले, अक्षरं शिकले नाही. म्हणून बाटलीवर टेप लावून मी देवनागरीत लिहिते. पाल्याच्या बाटलीवर ‘सोप्पु’. साबणाच्या बाटलीवर ‘सोपु’. माझ्या दृष्टीनं दोन्हीत कसलाही गोंधळ नव्हता.

पेशी वाढवायची खोली वेगळी असते. आत जंतू जाऊ नयेत म्हणून तिथे मोठे डबे न्यायचे नाहीत, हा मॅडमचा नियम. हात धुवायचा साबण मी लहान तपकिरी बाटल्यांत भरून देते. अर्कही तशाच बाटल्यांत असतो. शनिवारी सकाळी शिवानी आत काचेच्या कपाटापुढे बसली होती. त्या कपाटातून सतत हवा वाहते, त्याचा घूं घूं आवाज. तोंडाला मास्क, हातात ग्लोव्ह्ज. तिथून ती ओरडली, “अक्का, सोपू देना!”

ती नेहमी तसंच म्हणते. दुहेरी प तिच्या जिभेवर येत नाही. मला वाटलं, हात धुवायचे असतील. मी खिडकीतून साबणाची बाटली दिली. तिनं टेप वाचली. देवनागरी तिला येते. अक्काचं अक्षर, ‘सोपु’ लिहिलंय, बरोबर आहे. बाटली बाहेरून स्पिरिटनं पुसली आणि कामाला लागली.

पेशी ज्या प्लेटमध्ये ठेवतात तिला शहाण्णव खळगे असतात. अप्पेपात्र मुंगीसाठी केलं तर जसं दिसेल, तसं. काही खळग्यांत नुसत्या पेशी, काहींत पेशी आणि औषध, कमी-जास्त प्रमाणात. दोन दिवसांनी त्यात एक पिवळा रंग घालतात. पेशी जिवंत असेल तर ती त्याचा जांभळा करते. मेलेली असेल तर पिवळा पिवळाच राहतो. सोमवारी शिवानीनं प्लेट बघितली. औषधाच्या जवळजवळ सगळ्या रांगा पिवळ्या. ती जिन्यातून किंचाळत गेली. मंगळवारी सकाळी म्हैसूरपाक. आणि खाली धुवायच्या ट्रेमध्ये माझ्या वाटणीला ती बाटली.

मी फ्रिज उघडून बघितला. पाल्याची बाटली होती तिथेच होती. गेल्या शुक्रवारी मी खूण केली होती तिथपर्यंत भरलेली.

बाटली पदरात लपवून मी वर गेले. जिन्यावर दोनदा थांबले. मनात म्हटलं, गप्प बसलं तर? कोणाला कळणार? मग आठवलं, शुक्रवारी मॅडम हे बंगळूरच्या लोकांपुढे स्वतःच्या नावानं सांगणार. आज ना उद्या कोणीतरी खरा पाला घालून बघेल आणि काही मरणार नाही. इतक्या वर्षांचं नाव लिंबाच्या फेसात जाईल.

मॅडमच्या खोलीत प्रिन्सिपॉल सर उभे होते. हातात अर्धी वडी.

“कमलक्का, या या! तुम्ही पण घ्या. आपल्या लॅबमध्ये कॅन्सर मेला!”

“अक्का, आपके धोये हुए पत्ते!” शिवानीनं माझ्या गळ्यात हात टाकला. मला आणखीच मेल्यासारखं झालं.

“पेपरवाल्यांना फोन केलाय,” सर मॅडमना म्हणाले. “शुक्रवारी फोटोला येतील. कमिटीसमोरच.”

मॅडमच्या हातातली वडी तशीच होती. त्या कागदावरचे आकडे बघत होत्या. “शिवानी, नॉर्मल पेशींवर घालून बघितलं?”

“अगले हफ्ते, मॅम.”

“हं,” मॅडम म्हणाल्या. चांगली बातमी आली की त्या अशाच ‘हं’ करतात.

मी म्हणाले, “मॅडम, जरा बाहेर येता?”

“इथंच सांग की गे. गुपित काय आहे?”

“कमलक्का, तुमच्या पदरातून काय गळतंय?” सर म्हणाले.

फरशीवर फेस पडला होता. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. एक वाक्य तयार होतं, कारण ते माझं नव्हतंच. पहिल्या वर्षाच्या मुलांना मॅडम दरवर्षी तेच सांगतात आणि मी काचसामान गोळा करताना दाराबाहेरून दरवर्षी ऐकते.

“मॅडम, तुम्ही मुलांना सांगता ना, प्लेटमध्ये कॅन्सर मारणं अवघड नाही, साबणानं पण मरतो?”

“हो. मारणारं पुष्कळ आहे. कोणाला सोडायचं ते ज्याला कळतं ते औषध. मग?”

“तोच आहे.”

“कोण?”

“साबण.”

मी बाटली टेबलावर ठेवली. मॅडमनी ती हलवली, वास घेतला.

सर म्हणाले, “काही पाल्यांना पण फेस येतो, मॅडम.”

“येतो. पण पाल्याला लिंबाचं सेंट कोणी मारत नाही, सर.”

आणि मॅडम हसायला लागल्या. खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, डोळे पुसले, परत हसल्या. “अय्यो कमळा! इतकी वर्षं हे वाक्य बोलते. कोणी प्रयोग करून दाखवलं नव्हतं!”

“पण पेपरवाल्यांना मी फोन केलाय,” सर म्हणाले.

“मग परत करा.”

“काय सांगू?”

“सांगा, साबण चांगला निघाला.”

सर वडी बशीत ठेवून निघून गेले. शिवानी रडायला लागली. मी म्हणाले, चूक माझी, बाटली मी दिली. ती म्हणाली, नहीं अक्का, मैंने ही लिया. मॅडमनी दोन्ही बाटल्या समोर मागवल्या, खरी आणि साबणाची. टेप जवळ धरून बघितल्या. देवनागरी त्या सावकाश वाचतात.

“यात फरक कुठे आहे?”

“अर्धा प, मॅडम,” मी म्हणाले.

“वाचून दाखव.”

“सोपु. सोप्पु.”

“दोनों एक ही तो हैं!” शिवानी रडता रडता म्हणाली.

मॅडमनी मिठाईचा खोका बंद केला. “साकु, पुरे आता. हा शुक्रवारी उघडायचा. शिवानी, आज नव्या पेशी लाव. उद्या औषध. शुक्रवारी दुपारी रंग. तीन प्लेट कर. एकीत कॅन्सरच्या पेशींवर पाला. दुसरीत नॉर्मल पेशींवर पाला. तिसरीत दोन्ही पेशी, त्यावर कमळाचा साबण.”

“साबुन क्यों, मॅम?”

“निकाल आलाय ना? आलेला निकाल टाकून देत नाहीत. जे घातलं तेच नाव लिहायचं.”

तीन दिवस मी सगळं काचसामान परत धुतलं. सात आणि तीन. नंतर मनाच्या समाधानासाठी आणखी एक. शिवानीनं काही मागितलं की मी खिडकीतून आधी विचारायची, “खायचा का लावायचा?” ती म्हणायची, “खानेवाला!” सोप्पु म्हणजे भाजीचाही पाला, म्हणून हे ठरलं. बुधवारपर्यंत ती हसायला लागली होती.

शुक्रवारी दुपारी प्लेट बाहेर आल्या. मी दारातून बघितलं. साबणाची जवळजवळ अख्खी पिवळी. साबणानं ना कॅन्सरच्या पेशी सोडल्या ना चांगल्या. पाल्याच्या प्लेटमध्ये वरच्या दोन रांगा फिकट, तिसरी मधली, खाली सगळं जांभळं. शिवानीचा चेहरा पडला. सोमवारच्या पिवळ्यापुढे ते काहीच नव्हतं.

मॅडमनी शेजारी नॉर्मल पेशींची प्लेट ठेवली. वरपासून खालपर्यंत जांभळी. एकही रांग फिकट नाही. “हे बघ गे. थोडे मारले, पण आपले सोडले. हे औषधाचं पहिलं पाऊल आहे. परवाचं ते नुसतं भांडी घासणं होतं.”

कमिटीचे तिघे तीन वाजता आले. कॉफी मी नेली, म्हणून ऐकलं. मॅडमनी पहिली प्लेट साबणाचीच दाखवली आणि काय झालं ते सगळं सांगितलं, अर्ध्या ‘प’सकट. त्यातले एक वयस्कर गृहस्थ इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग बराच वेळ पाल्याच्या प्लेटवर प्रश्न चालले. जाताना ते वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, “अम्मा, आमच्याकडे पण असं होतं. फक्त आमच्याकडे कोणी खालून वर येत नाही.”

कामाला आणखी दोन वर्षं मिळाली. म्हैसूरपाक कडक झाला होता, तरी सगळ्यांनी चावून खाल्ला. सरांनी दोन वड्या घेतल्या. मॅडम आता निवृत्त आहेत. आठवड्यातून दोनदा येतात, शिवानीला रागावतात आणि मला नवा पाला धुवायला देतात. तो जुना पाला अजून थोडंच करतो. त्याचं औषध होईल का, हे मॅडमनाही सांगता येत नाही. विचारलं की म्हणतात, “पेशी मेल्या, कमळा. माणूस जगायला वेळ लागतो.”

माझ्यापुरतं एवढंच कळलं, की लेबल अर्धवट लिहू नये. आता मी साबणाच्या बाटलीवर ‘हात धुण्याचा साबण, लिंबाचा, औषध नव्हे’ असं लिहिते. टेप बाटलीला दोनदा गुंडाळावी लागते.